ड्रॉईंगचा तास परत द्या : शाळा चालवणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण विभाग, आणि राज्यातल्या सगळ्या मुख्याध्यापक व संस्थाचालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी ड्रॉईंगची बाई. कागदोपत्री कलाशिक्षिका, पण एकोणतीस वर्षं पोरांनी ड्रॉईंगच्या बाई म्हणूनच हाक मारली आणि मलाही तेच आवडतं. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत लागले आणि तिथूनच रिटायर झाले, त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका कागदासाठी शाळेत जायचं काम पडलं. ऑफिसात सही होईपर्यंत वेळ होता म्हणून सहज आमच्या चित्रकलेच्या खोलीकडे गेले, तर दाराला कुलूप. शिपाईदादांनी उघडून दिलं. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडकी बाकं, निवडणुकीच्या वेळचे कसलेतरी पुठ्ठे. भिंतीवर मी २००३ साली मुलांकडून रंगवून घेतलेलं रंगचक्र अजून आहे, पण पिवळा आणि नारिंगी तेवढा दिसतो, बाकीचं पोत्यांच्या मागे. तांदूळ ठेवायला जागा लागतेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे तो. पण विचारलं, ड्रॉईंगला कोण आहे आता? तर कुणीच नाही. पट कमी झाला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद गेलं. वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचे दोन तास 'कला' असं लिहिलेलं आहे आणि त्या दोन तासांत आठवीला एनएमएमएस ह्या शिष्यवृत्ती परीक्षेचं गणित घेतात.

घरी आले ती गप्पच होते. मग ठरवलं की लिहायचं, कुणा एका शाळेवर नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची राहिलेलीच नाही. ज्या ज्या गावात माझ्या बरोबरीचे ड्रॉईंगचे सर-बाई रिटायर झालेत तिथून असंच ऐकायला येतं.

आधी एक प्रसंग सांगते, मग मुद्द्यावर येते.

सातवीतला एक मुलगा होता. वस्तुचित्राचा तास, समोर स्टुलावर बादली ठेवलेली. त्याने बादलीचं तोंड काढलं बांगडीसारखं पूर्ण गोल आणि बूड काढलं पट्टी लावल्यासारखं सरळ. मी म्हटलं बाळा, बूड सरळ का रे? तर म्हणाला, बाई बादली सपाट बसते ना. आणि तोंड? तोंड गोल असतंय. दोन्ही उत्तरं बरोबर होती बघा, बादली सपाटच बसते आणि तोंड गोलच असतं, पण त्याने बादलीकडे एकदाही बघितलेलं नव्हतं. मी ती बादली उचलली आणि त्याच्या डोळ्यांच्या सरळ रेषेत धरली. काय दिसतंय तोंडाचं? नुसती रेघ दिसतीय बाई. मग हळूहळू खाली आणत गेले, तशी ती रेघ फुगायला लागली, लंबगोल झाली, आणखी खाली आणली तशी आणखी फुगली. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यायला लावलं. तो बघतच राहिला. म्हणाला, 'बाई, बादली तीच हाय, पण तोंड बदलतंय.' आणि नंतर न सांगता त्याने बूड खोडून काढलं आणि तोंडापेक्षाही जास्त गोलाईचं काढलं, कारण बूड डोळ्यापासून आणखी खाली असतं. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं, त्याचं त्यानेच बघितलं.

मला माझ्या विषयाबद्दल जे काही सांगायचंय ते ह्या बादलीत आहे. जे माहितीये ते काढायचं नाही, जे दिसतंय ते काढायचं. बाकी सगळे विषय मुलाला माहिती देतात, द्यायलाच पाहिजे, पण समोरची वस्तू नीट बघ, तुझ्या डोक्यातलं आणि डोळ्यांपुढचं जुळतंय का ते तपास, हे आठवड्यातून दोनदा हाताने करून घेणारा तास शाळेत हा एकच होता. तो मुलगा आज शिरवळच्या एमआयडीसीत टूल रूमला आहे. चित्रकार झाला नाही, होणारही नव्हता. पण मागे एसटीत भेटला तेव्हा म्हणाला, बाई, ड्रॉईंग हातात आलं की जॉब (बनवायचा तो भाग) मला डोळ्यांपुढं फिरताना दिसतोय, वरून, समोरून, बाजूने. ती इंटरमिजिएटची, म्हणजे शासनाच्या चित्रकला परीक्षेची, घनभूमिती होती.

आता तुम्ही म्हणाल की हे हौसेचे विषय आहेत, आधी पोरं लिहा-वाचायला तर शिकू देत. म्हणून थोडा इतिहास सांगते, कारण चित्रकला आपल्या शिक्षणात हौस म्हणून आलेलीच नाही.

मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं मार्च १८५७ मध्ये. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षीच्या जुलैमधली, म्हणजे आपली चित्रशाळा विद्यापीठापेक्षा चार महिन्यांनी थोरली आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते, त्या काळचे एक लाख. सुरुवातीला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती, वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरायचे, आत्ताची इमारत १८७८ची. आणि उद्देश काय, तर इथल्या कारागिरांच्या हाताला शिक्षण मिळावं, सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, नक्षीकाम करणारे यांना नीट ड्रॉईंग यावं, धंदा वाढावा. इंग्रजांचा त्यात स्वतःचा हिशोब होताच, आणि शिकवण्याची पद्धतही त्यांच्या लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेची, प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून महिनोन्‌महिने नकला करायच्या. त्या पद्धतीत कंटाळवाणंही पुष्कळ होतं आणि आपल्याकडचं जे होतं त्याला कमी लेखणंही होतं, हे मी लपवत नाही. पण पाया पोटापाण्याचा होता, हे लक्षात घ्या. चित्रकला येणाऱ्याच्या हाताला काम मिळतं, ह्या विचारावर ती संस्था उभी राहिली.

आणि मिळालंही. सीएसएमटी स्टेशनवर कधी गर्दीतून बाजूला होऊन वर बघितलंय का? दगडात कोरलेली पानं, वेली, पक्षी, माकडं, ते मोर? ते कोरीव काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चालली, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि रोज लाखो माणसं त्या पानाफुलांखालून लोकल पकडायला धावतात. क्रॉफर्ड मार्केटवरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, जे १८६५ पासून जे.जे.त शिकवत होते.

अजिंठ्याचंही तसंच. जॉन ग्रिफिथ्स सर विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला जात राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच एक विद्यार्थी. डोळ्यांपुढे आणा, तेव्हा तिथे जायला धड रस्ता नाही, लेण्यांत अंधार, वटवाघळं, आणि ही वीस-बावीस वर्षांची मुलं भिंतीजवळ बसून पद्मपाणीच्या बोटांची रेघ उतरवून घेतायत. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनमध्ये १८८५च्या आगीत जळाल्या, हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. पण ज्या मुलांनी त्या केल्या त्यांचे डोळे आणि हात कायमचे बदलले, ते जळालं नाही.

आता मला जे मुख्य बोलायचंय त्याकडे येते. अलिबागजवळ सासवने म्हणून गाव आहे. तिथे विनायक पांडुरंग करमरकर नावाचा मुलगा होता, घरी गणपती करायचे, त्यामुळे मातीत हात लहानपणापासूनच. ह्या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले होते, त्यांच्या ते नजरेला पडलं. त्यांनी चौकशी केली, पोराला बोलावून घेतलं आणि त्याला जे.जे.त पाठवायची सोय केली. पुढे त्याच करमरकरांनी पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा केला, १९२८ मध्ये बसवला तो. आजही शिल्पकलेतली माणसं त्या घोड्यापुढे उभी राहतात आणि बोलायची थांबतात. सासवन्याला त्यांच्या घरात त्यांची शिल्पं बघायला मिळतात, कोकणात सहलीला गेलात तर मुलांना जरूर न्या, त्यांच्या म्हशीसमोर मुलं हमखास हात पुढे करतात.

ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी सांगताना माझ्या पोटात कालवायचं. समजा कलेक्टर त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेले असते तर? भिंतीवरचं चित्र पावसाळ्यात धुऊन गेलं असतं आणि आपल्याला कधी कळलंही नसतं काय गेलं ते. तसंच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रं लग्नात बायका भिंतीवर काढायच्या, तांदळाच्या पिठाने, आणि हा माणूस काढत बसायचा ते कुणाला माहीत नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, तेही जे.जे.त शिकलेले, त्यांनी बघितलं, कागद आणि रंग हातात दिले. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली, जगभर चित्रं गेली, आणि आज शेकडो वारली कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात.

दोन्हीकडे तेच झालंय ना? काढणारा होताच. बघणारं कुणीतरी नशिबाने आलं. प्रत्येक गावात कलेक्टर येऊन भिंती बघत बसणार नाही, आणि भास्कर कुलकर्णी प्रत्येक पाड्यावर पोचणार नाहीत. म्हणून तर शाळेत ड्रॉईंगचा मास्तर ठेवायचा असतो. बघणारा माणूस नशिबावर न सोडता पगारावर नेमलेला, एवढाच त्या पदाचा अर्थ आहे. वहीच्या शेवटच्या पानावर कोण काय काढतंय, डबा खाताना कोण मातीत काडीने रेघा ओढतंय, कुणाला गणितात शून्य मिळतात पण मेळ्यातली दोनशे माणसं आठवून काढता येतात, हे दुसऱ्या कुणाच्या कामात येत नाही. गणिताच्या सरांना ते दिसलं तर वही भरवली म्हणून ओरडाच बसतो, त्यांचंही चुकत नाही, त्यांना पोर्शन संपवायचा असतो.

आणि आता नियम बघा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायचा. शंभराच्या वर, आणि तोही अर्धवेळ. म्हणजे ज्या शाळेत ह्या तीन वर्गांत मिळून नव्वद मुलं आहेत तिथे कुणीच नाही. शहरातल्या मोठ्या शाळेतल्या मुलाला शाळेत नाही मिळालं तर क्लास आहे, प्रदर्शनं आहेत, आईबाप जहांगीर आर्ट गॅलरीला घेऊन जातात. ज्या गावात क्लास नाही, प्रदर्शन नाही, दुकानात ड्रॉईंग पेपर मिळत नाही, नेमकी तीच शाळा शंभराच्या आत असते. सासवने आज असतं तर कुठल्या बाजूला पडलं असतं, तुम्हीच सांगा.

मग तुम्ही म्हणता इतर शिक्षक घेतील की कलेचा तास. घेतात बिचारे. फळ्यावर झोपडी, मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, बाजूला नारळाचं झाड, मुलं ते उतरवतात. माझ्या साताऱ्याकडच्या मुलांच्या गावात नारळ नाही हो, बाभळी आहेत, वड आहेत, ऊस आहे. पण सगळ्यांच्या वहीत नारळ. ह्यात त्या शिक्षकांचा दोष नाही, त्यांना ते शिकवलेलंच नाही. मी भूगोल शिकवायला लागले तर असंच होईल.

दुसरीकडे मार्कांचं. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. ह्या निर्णयाने परीक्षेला बसणारी मुलं वाढली, ते चांगलंच झालं, ही शासकीय रेखाकला परीक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे, तिची किंमत परत लोकांना कळली. पण शाळेत शिक्षक नाही आणि परीक्षेला गुण आहेत, मग काय होतं? ज्यांना परवडतं ते महिनाभराचा क्रॅश कोर्स लावतात. संकल्पचित्राचे, म्हणजे डिझाईनचे, तीन नमुने पाठ, स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप आणि फुगेवाला पाठ. स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं चित्र, ते पाठ करून काढायचं? मी परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये सुपरव्हिजन करताना एका रांगेत सहा मुलींनी तोच फुगेवाला, त्याच टोपीसह, त्याच कोपऱ्यात काढलेला बघितलाय. त्या सहाही मुली आठवडी बाजाराच्या गावच्या. त्यांच्या बाजारात वांग्याच्या ढिगामागे बसलेली म्हातारी असते, तागडी असते, ऊन लागू नये म्हणून बांधलेली निळी ताडपत्री असते. ते सगळं रोज बघूनही त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं, कारण बघा म्हणणारं कुणी नव्हतं.

आणि जे म्हणतात की आधी लिहिणं-वाचणं मग चित्र, त्यांना एक सांगते. गांधीजींना आपल्या वाईट अक्षराची आयुष्यभर खंत होती आणि त्याबद्दल लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटलंय की मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं आणि मग अक्षर. फूल, पक्षी जसे बघून काढतो तसं मुलाने अक्षरही बघून काढावं म्हणजे ते सुंदर येतं. त्यांच्या सेवाग्रामच्या नई तालीममध्ये १९४४ पासून बरीच वर्षं देवीप्रसाद यांनी चित्रकला शिकवली, शांतिनिकेतनातून आले होते ते. सूतकताई आणि शेतीच्या जोडीला चित्र. तिथे कुणी म्हटलं नाही की गरिबाच्या पोराला चित्रकला कशाला.

अक्षरावरून आठवलं. एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या परीक्षेला, अक्षरलेखन असतं ना, त्याला पालक हसतात, आता कोण हाताने बोर्ड लिहितंय म्हणून. ज्या मंगल फॉन्टमध्ये इतकी वर्षं सरकारी कचेऱ्यांत मराठी टाईप होतंय, टायपिंगच्या परीक्षा होतात, तो र. कृ. जोशी यांनी केलेला आहे. जे.जे.त शिकलेले, नंतर आयआयटी मुंबईत शिकवलेले. कॉम्प्युटरवर देवनागरी अक्षर आलं ते आधी कुणीतरी बोरूने 'अ' हजार वेळा गिरवला होता म्हणून.

शासनाने २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा आनंद व्यक्त केला, आम्हालाही झाला. पण त्या विद्यापीठात सासवन्याचा मुलगा कुठून येणार, खालच्या वर्गात पेन्सिल धरायला शिकवणारंच कुणी नसेल तर? २०२०च्या नव्या धोरणातही लिहिलंय की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंती ठेवायच्या नाहीत. वाचून बरं वाटलं होतं. पण धोरण वाचून होत नाही, खोलीचं कुलूप काढावं लागतं.

मागणी मोठी नाहीये. शंभराच्या आतल्या शाळांना प्रत्येकी एक शिक्षक देणं जमत नसेल तर एका केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या, चार-पाच शाळा मिळून एक कलाशिक्षक द्या, पूर्णवेळ, नीट पगाराचा, आठवड्यात एकेक दिवस प्रत्येक शाळेला. एटीडी, ए.एम. (आर्ट मास्टर) केलेली किती मुलं-मुली आज बोर्ड रंगवतायत, मेंदीचे क्लास घेतायत, मोबाईलच्या दुकानात बसलीयत, ती आनंदाने गाडी काढून पाच गावं फिरतील. आणि मुख्याध्यापक सर, मॅडम, तुमच्या हातातली गोष्ट एवढीच की वेळापत्रकातला कलेचा तास गणिताला देऊ नका, कितीही परीक्षा जवळ आली तरी. दिलात तर मुलांना पहिला धडा तोच मिळतो की ह्या तासाला किंमत नाही. ड्रॉईंगच्या शिक्षकाला नुसतं फलकलेखनाला आणि प्रमाणपत्रांवर नावं घालायला वापरू नका. आणि वर्षातून एकदा मुलांना खरी चित्रं दाखवा. आम्ही आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्यायचो, यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींनी १९३८ साली केलेलं संग्रहालय. एवढ्याशा संस्थानाचा राजा, स्वतः चित्र काढणारा, त्याने गावात रविवर्मांपासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या दगडापर्यंत सगळं आणून ठेवलंय. आमच्या एका मुलीने हेन्री मूरच्या त्या आई-बाळाच्या शिल्पाला फेरी मारली आणि मला विचारलं, बाई, ह्याला चेहरा नाही तरी आई आहे हे कसं कळतंय? मी म्हटलं तूच सांग. साताऱ्यापर्यंत परत येताना ती खिडकीतून बाहेर बघत त्याचाच विचार करत होती.

माझ्या शाळेबद्दल शेवटचं. मी पत्र पाठवून गप्प बसणार नाही. पद भरेपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार मी येऊन तास घ्यायला तयार आहे, मानधन नको. हा पद भरण्याला पर्याय समजू नये, तरुण माणसाच्या हक्काची ती नोकरी आहे आणि तिच्यासाठी मी भांडत राहीन. पण यंदाच्या सातवीचं वर्ष परत येणार नाही म्हणून म्हणतेय. पोती एका भिंतीला लावली तर पंचवीस मुलं आरामात बसतात, मी मोजून आलेय. कागद, पेन्सिली मी आणते. खोलीची किल्ली आणि एक बादली तेवढी द्या.

आपली,
ड्रॉईंगची बाई
सातारा जिल्हा